कोळशाचा उतारा: विजेत रूपांतर आणि विजेतून रूपांतर



वीज कुठून येते, असं गोंदिया जिल्ह्यात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: तिरोड्याहून. उत्तर चूक नाही. तिरोड्याचं औष्णिक केंद्र ३,३०० मेगावॉटचं आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच, २०१२ ते २०१४ या काळात एकामागून एक सुरू झालेले. एका ठिकाणी एवढी औष्णिक क्षमता महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. पण आज मला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. तिरोड्याला ती कुठून येते?

कारण वीज खाणीतून निघत नाही आणि शेतात पिकत नाही. कोळसा खाणीत सापडतो, पाणी नदीत सापडतं, ऊन रोज पडतं. वीज आपल्या कामाची होईल अशा रूपात कुठेच पडलेली नसते. आकाशात कडाडते ती आपल्या उपयोगाची नाही. दरवेळी कुठली तरी दुसरी ऊर्जा देऊनच ती घ्यावी लागते. आणि घेतल्यावर तरी आपण तिचं काय करतो? वीज म्हणून ती आपल्याला नकोच असते. आपल्याला हवा असतो उजेड, वारा, बांधीत पडणारं पाणी. म्हणजे आधी कशाचं तरी विजेत रूपांतर करायचं, आणि मग विजेचं पुन्हा कशात तरी. वीज ही मधली अवस्था आहे. ती लोकप्रिय झाली, कारण तारेतून ती क्षणात शेकडो किलोमीटर जाते. कोळसा तारेतून जात नाही.

आता प्रत्येक रूपांतरात काहीतरी हातचं जातं. गोंदियात हे समजवायला मला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. इथे प्रत्येकाला "उतारा" हा शब्द माहीत आहे. क्विंटलभर धान राईस मिलमध्ये भरडायला दिलं की तांदूळ क्विंटलभर येत नाही. सरकारी भरडाईत कच्च्या तांदळाचा हिशेब क्विंटलला ६७ किलोचा धरतात. बाकीचं तूस, कोंडा. वजन नाहीसं झालेलं नाही, सगळं मोजलं तर शंभर किलो भरेल. पण तांदूळ म्हणून हाताला ६७ लागले. ऊर्जेचंही तसंच. ती नष्ट होत नाही, पण कामाची म्हणून हाताला किती लागते हा उतारा असतो. पुस्तकात त्याला कार्यक्षमता म्हणतात. आज आपण विजेच्या वाटेवरचे उतारे मोजत जाणार आहोत, खाणीपासून बांधीपर्यंत.

तिरोड्यात काय घडतं

पहिली पायरी जाळण्याची. कोळशात साठलेली रासायनिक ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. बॉयलरच्या नळ्यांतल्या पाण्याला ती मिळते आणि त्याची वाफ होते. ही स्वयंपाकघरातली वाफ नव्हे. तिरोड्याचे संच "सुपरक्रिटिकल" आहेत. पाण्यावरचा दाब २२१ बारच्या पुढे नेला, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सव्वादोनशे पटींच्या आसपास, तर पाणी उकळून बुडबुडे येणं हा प्रकारच थांबतो. पाणी आणि वाफ असा भेद राहत नाही. तापत तापत ते सरळ वाफेसारखं होतं. या जातीच्या संचांत ती वाफ साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवतात.

दुसरी पायरी फिरण्याची. ही वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, पसरते, थंड होत जाते आणि दांडा फिरवते. दांड्याचा वेग मिनिटाला ३,००० फेरे. हा आकडा सहज आलेला नाही. मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५०, आणि आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे ती याचमुळे. तिकडे दांडा एकदा फिरला की इकडे तुमच्या तारेतला प्रवाह एकदा पुढे जाऊन मागे येतो.

तिसरी पायरी विजेची. दांड्यावर मोठं विद्युतचुंबक बसवलेलं असतं आणि भोवती तांब्याची वेटोळी. चुंबक फिरलं की वेटोळ्यात वीज येते. मायकेल फॅरडेने हे १८३१ साली दाखवलं. गेल्या दोनशे वर्षांत यंत्र अवाढव्य झालं, तत्त्व तेच राहिलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमच्यापैकी ज्यांनी डायनामोची सायकल चालवली असेल त्यांना ती पायांनी माहीत आहे. डायनामो चाकाला टेकवला आणि दिवा लागला की पायडल जड होतं. वीज घ्यायला लागलो की वेटोळ्यातला प्रवाह स्वतःच चुंबकाला मागे ओढतो. ती ओढ मोडून काढायला जे श्रम पडतात, तेच विजेत बदलतात. संध्याकाळी लाखो घरांत दिवे लागतात, तेव्हा त्या दांड्यांचं पायडल असंच जड होतं आणि बॉयलरमध्ये जास्त कोळसा टाकावा लागतो. बटण तुम्ही दाबता, पण त्याचा भार त्या क्षणी कुठल्या तरी टर्बाइनवर पडलेला असतो.

उष्णता सगळी वीज का होत नाही

या तीन पायऱ्यांचा मिळून उतारा किती? चांगल्या सुपरक्रिटिकल संचात कोळशातल्या शंभर भागांपैकी साधारण ३९ भाग वीज होतात. आपण आज ३९ धरून चालू.

आता तुम्ही म्हणाल, हे तर गिरणीच्या उताऱ्यापेक्षा फारच कमी. यंत्रं खराब आहेत का? नाहीत. जनरेटर एकटा पाहिला तर त्याला दिलेल्या शंभरातले ९८ पेक्षा जास्त तो विजेत बदलतो. गळती आहे ती उष्णतेचं गतीत रूपांतर होतं तिथे.

१८२४ साली सादी कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा. उष्णतेतून काम मिळतं ते ती गरम ठिकाणाहून थंड ठिकाणी जाते म्हणून. पाणचक्की चालायला जसं वर पाणी आणि खाली मोकळी जागा लागते, तसं. खाली जागाच नसेल तर पाणी वाहणार कसं? म्हणून काही उष्णता थंड बाजूला सोडून द्यावीच लागते. सगळी वापरून टाकीन असं म्हणता येत नाही. किती सोडावी लागणार, हे दोन्ही बाजूंच्या तापमानावर ठरतं. वाफ ५६५ अंश आणि थंड बाजू ४० अंश धरली, तर आदर्श यंत्रसुद्धा शंभरातले ६३ च्या वर देणार नाही. घर्षण, धुराड्यातून जाणारी उष्णता आणि वाफेचा प्रत्यक्ष फेरा धरला की ३९ वर येतो. वाफेचं तापमान आणि दाब वाढवायची धडपड असते ती याचसाठी.

सोडलेली उष्णता जाते कुठे? थोडी धुराड्यातून आणि बरीचशी पाण्यात. टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करायला पाणी लागतं. तिरोड्याला ते वैनगंगेतून येतं. ते तापलेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून खाली शिंपडतात, त्यातलं काही वाफ होऊन उडतं आणि उरलेलं थंड होतं. औष्णिक केंद्रांच्या कूलिंग टॉवरवर जो पांढरा ढग दिसतो, त्याला पुष्कळ लोक धूर म्हणतात. तो धूर नाही. ते नदीचं पाणी आहे, आपल्या डोळ्यांदेखत आकाशात चाललेलं. २०१५ च्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे जुन्या केंद्रांनी एका मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटरपेक्षा जास्त पाणी खर्च करू नये. एका युनिटला साडेतीन लिटर. घरात एक पंखा रात्रभर फिरला की साधारण अर्धं युनिट होतं. त्यामागे लिटर-दीड लिटर पाणी.

आणि कोळसा? आपल्याकडच्या कोळशाचा एका युनिटला सुमारे ६०० ग्रॅम खर्च येतो. त्यात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राख असते. पाचही संच पूर्ण भाराने चालले तर तासाला दोन हजार टनांच्या जवळपास. मालगाडीत चार हजार टनांच्या आतबाहेर कोळसा मावतो, म्हणजे दर दोन तासांनी एक गाडी रिकामी व्हायला हवी. हावडा-मुंबई लाईनवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

याउलट उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर काय होतं, तेही आपल्याच जिल्ह्यात दिसतं. उसन्या तांदळाच्या मिलमध्ये तूस बॉयलरला घालतात आणि त्या वाफेने धान उकडतात. तिथे उष्णता गतीत बदलायची नाही, म्हणून कार्नोचा दंड भरावा लागत नाही. आपल्या साखर कारखान्यांत तर आधी वाफेवर टर्बाइन फिरवतात आणि तिथून निघालेल्या कमी दाबाच्या वाफेवर रस आटवतात. वीजही झाली आणि उरलेली उष्णता कामी आली. ज्याला दोन्ही लागतं, त्याचा एकूण उतारा मोठा.

एकच यंत्र, दोन दिशा

आता उलटी बाजू बघू, विजेतून गती. इथे निसर्ग फारच उदार आहे.

१८७३ साली व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. झेनोब ग्राम या बेल्जियन कारागिराची वीज निर्माण करणारी यंत्रं तिथे मांडली होती. त्यातलं एक इंजिनाने फिरवलं आणि त्याच्या तारा दुसऱ्या तशाच यंत्राला जोडल्या. दुसरं यंत्र आपोआप फिरू लागलं. जे फिरवलं की वीज देतं, त्याला वीज दिली की ते फिरतं. जनरेटर आणि मोटर ही दोन यंत्रं नाहीत, एकाच यंत्राच्या दोन दिशा आहेत. आणि त्या दुसऱ्या यंत्राला प्रदर्शनात काय जोडलं होतं माहीत आहे? पाण्याचा पंप. आपल्या विहिरीवरच्या मोटरचा तो थोरला पूर्वज म्हणा.

ही दोन्ही दिशांची वाट आज रोज वापरात आहे. गोंदिया जंक्शनवर थ्री-फेजचं नवं इंजिन गाडी घेऊन येतं, तेव्हा वेग कमी करताना त्याच्या मोटरी जनरेटर होतात. गाडीचा वेग वीज बनून वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेत परत जातो आणि मागे-पुढे चाललेली दुसरी गाडी तो वापरते. नुसते ब्रेक दाबले असते तर तीच ऊर्जा चाकं तापवून संपली असती.

दुसरं उदाहरण सह्याद्रीतलं. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवतात, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. चढवताना मोटर आणि पंप, उतरताना जनरेटर आणि टर्बाइन. यंत्र तेच. अशा जाण्यायेण्यात शंभरातले ७५ ते ८० परत मिळतात. कोळशाच्या ३९ शी ताडून बघा. गती आणि वीज यांच्यातली ये-जा स्वस्त आहे. महाग आहे ती उष्णतेकडून येणारी वाट, आणि ती एकदिशा आहे. विजेची उष्णता करणं सोपं, उष्णतेची वीज करणं अवघड.

तिरोड्यापासून बांधीपर्यंत

आता मुख्य हिशेब. उन्हाळी धानाची एक एकर शेती, पाणी दहा मीटर खालून उचलायचं. कोळशातली ऊर्जा शंभर भाग. त्यातले त्या पाण्यात किती पोचतात? आकडे मी सर्वसाधारण धरतोय, तुमच्या विहिरीवर थोडे इकडेतिकडे होतील.

जनरेटरवर ३९. केंद्राच्या स्वतःच्या पंख्या-पंपांना आणि कोळसा दळायला सहा टक्के लागले, उरले ३७ च्या जवळपास. मग ४०० आणि ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या. तिरोड्याहून कोराडी, अकोल्यावरून औरंगाबादपर्यंत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, ७६५ किलोव्होल्टची वाहिनी गेली आहे. एवढा दाब कशाला? तारेत जी उष्णता होते ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दाब दुप्पट केला तर तेवढीच शक्ती न्यायला प्रवाह निम्मा लागतो आणि उष्णता चौथाई होते. म्हणून लांबच्या वाटेवर तीन टक्क्यांच्या आसपासच जातात. उरले साडेपस्तीस. खरी गळती पुढे, ११ किलोव्होल्टची लाईन, गावची डीपी आणि तिथून विहिरीपर्यंतच्या बारीक तारा. तिथे अकरा टक्के धरू. मोटरच्या स्टार्टरपर्यंत पोचले ३२.

आता आपल्या हातातला भाग. मोटरचा उतारा ८० टक्के: उरले २५. पंप जुना, इम्पेलर झिजलेला, ५० टक्के: उरले साडेबारा. अरुंद पाईप, चार वाकणं, अर्धवट तुंबलेला फूटव्हॉल्व्ह, यात आणखी पाचवा हिस्सा गेला. उरले दहा.

शंभरातले दहा.

एकरी १.२ मीटर खोल पाणी धरलं तर हंगामात साधारण ४८ लाख लिटर उचलावं लागतं. दहा मीटर उचलायला निव्वळ ऊर्जा १३२ युनिटं. पण उतारा दहा असल्यामुळे तिरोड्यात जळतो सुमारे ३०० किलो कोळसा. त्याची क्विंटलभर राख, साडेचारशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, आणि दीड हजार लिटरच्या आतबाहेर नदीचं पाणी हवेत.

या साखळीत सुधारणा कुठे करायची? तिरोड्याचा ३९ चा ४० करायला शेकडो कोटी लागतात आणि निसर्गाचा नियम आडवा येतो. शेवटच्या टोकाला तसं नाही. मोटर ८५ ची, पंप ६५ चा आणि पाईप ९० चा केला, तर दहाच्या जागी जवळपास सोळा पोचतात. तेवढंच पाणी आणि कोळशात एक तृतीयांशाहून जास्त बचत. साखळीच्या शेवटी वाचवलेला एक भाग मागे जात जात कोळशाच्या टोकाला कितीतरी पट होतो. पाईपचंच घ्या. तेवढंच पाणी अडीच इंचीऐवजी तीन इंची पाईपातून नेलं तर घर्षण निम्म्याहून कमी होतं, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं.

मोटर का जळते

एक प्रश्न उन्हाळ्यात प्रत्येक गावात ऐकू येतो. व्होल्टेज कमी असताना मोटर जळते कशी? कमी दाबाने कमी वीज जाईल, मग उलट थंड राहायला हवी!

पंप पाणी उचलतोय तोवर त्याला ठरावीक शक्ती लागते. दाब कमी पडला तर मोटर ती शक्ती जास्त प्रवाह ओढून मिळवते. ४१५ व्होल्टच्या जागी ३५० मिळाले तर प्रवाह पाचव्या हिश्शाने वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे १.४ पट. वेटोळ्यांवरचा इन्सुलेशनचा थर ती उष्णता फार दिवस सोसत नाही. शिवाय वाढलेला प्रवाह डीपीपासूनच्या तारेत आणखी दाब पाडतो, मग शेजारच्या मोटरी आणखी प्रवाह ओढतात. एका डीपीवर रोवणीच्या दिवसांत सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की हेच होतं. म्हणून मोटरीला योग्य मापाचा कपॅसिटर लावा असं सांगतात. मोटरला स्वतःचं चुंबकत्व उभं करायला थोडा जास्तीचा प्रवाह लागतो. तो कपॅसिटर जागेवरच पुरवतो, तारेतून आणावा लागत नाही, आणि दाब थोडा सावरतो.

जळालेली मोटर भरून आणतो तेव्हा एकच बघा: तारेची जाडी आणि वेढे मूळ तेवढेच आहेत ना. बारीक तार भरली की मोटर फिरते, पण उतारा कमी होतो आणि ती पुन्हा जळण्याच्या वाटेवर असते.

उष्णतेला वळसा

कार्नोचा दंड भरायचा नसेल तर उष्णतेची पायरीच गाळायची. सौर पॅनलमध्ये हेच होतं. सूर्यकिरण सिलिकॉनवर पडतो आणि इलेक्ट्रॉन सरळ हलतो. वाफ नाही, फिरणारं काही नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केलेला सिलिकॉनचा सेल ६ टक्क्यांचा होता, आज बाजारातले पॅनल २० टक्क्यांच्या आसपास आहेत. कुणी म्हणेल हे तर ३९ पेक्षा कमी. पण शंभरातले ८० गेले ते उन्हातले. ते ऊन तसंही जमिनीवर पडून जमीन तापवणारच होतं. त्यासाठी खाण खोदली नाही, राख झाली नाही.

शेतकऱ्याला यातलं मोठं काय, तर दिवस. शेतीपंपाला आलटून पालटून दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज मिळते. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत रात्री दोनला मोटर लावायला जाणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. साप आहेत, अस्वल आहे, वाघ-बिबट्या आहे. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे दिवसा वीज हाच विचार आहे. पाच एचपीच्या सौर पंपाला ४,८०० वॉटचे पॅनल लागतात. ढग आले की पाणी कमी, हे खरं, पण ढगांच्या दिवसांत पिकाला पंपाची गरजही कमी असते. मात्र एक जपायला हवं. ऊन फुकट आहे म्हणून विहिरीतलं पाणी फुकट होत नाही.

आणि सगळ्यात मोठा उतारा कुठे मिळतो माहीत आहे? जिथे रूपांतरच करावं लागत नाही तिथे. आपले मालगुजारी तलाव बघा. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी ते बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. पाणी उंचावर अडवलं, खाली बांध्या. दार उघडलं की उताराने पाणी जातं. ते पाणी वर कुणी चढवलं? सूर्याने. समुद्राची वाफ केली, ढग केले, पाऊस पाडला. बोडी असो की तलाव, त्यात गाळ भरून एक फूट पाणी कमी मावलं, तर एकरभर पाणक्षेत्रामागे बारा लाख लिटर पाणी मोटरीने उचलायची वेळ येते. गाळ काढणं हा म्हटलं तर वीजबचतीचाच कार्यक्रम आहे.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न: तिरोड्याची वीज आपल्याला मिळते, की मुंबईला जाते?

तारेत वीज वेगवेगळी ओळखता येत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर वाहिनी जोडली गेली आणि देशभरचं जाळं एका वारंवारतेवर आलं. सगळी मोठी केंद्रं एकाच तळ्यात पाणी ओततात आणि सगळे त्यातून घेतात, असं समजा. विक्रीचा करार कुणाशी हा कागदावरचा हिशेब वेगळा. पण राख, ढग आणि कोळशाच्या गाड्या यांची मात्र जागा ठरलेली असते. त्या मुंबईला जात नाहीत. म्हणून हा प्रश्न इथे विचारला जातो, आणि विचारला जायलाच हवा.

प्रश्न: पाणी तापवायचा हीटर शंभर टक्के कार्यक्षम असतो म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि फसवंही आहे. हीटरला दिलेली सगळी वीज उष्णता होते. पण ती वीज आधी शंभरातली ६१ उष्णता सोडून देऊन केलेली होती. तीच पुन्हा उष्णता करायची म्हणजे तांदूळ दळून त्याचा जनावरांना कोंडा करण्यासारखं. आंघोळीच्या पाण्याला गच्चीवरचा सौर बंब चांगला. विजेला असं काम द्यावं जे उष्णतेला जमत नाही: पंप, पंखा, दिवा, मोबाईल.

प्रश्न: साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज २०२४ पासून मोफत झाली. मग आम्ही नवा पंप, मोठा पाईप यात पैसे का घालायचे?

बिल नाही हे बरोबर. कोळशाचं, राखेचं सोडा, तुमच्याच फायद्याचं बोलू. तुम्हाला वीज मोजून मिळत नाही, तास मोजून मिळतात. दिवसाचे आठ तास. पाच एचपीची मोटर, दहा मीटर उचल. झिजलेला पंप आणि अरुंद पाईप असेल तर आठ तासांत साधारण ४ लाख ४० हजार लिटर पाणी पडेल. चांगला पंप आणि रुंद पाईप असेल तर ६ लाख ४० हजार. बांधीत पाच सेंटीमीटर पाणी भरायचं म्हटलं तर एकराला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे त्याच मोटरीवर, त्याच आठ तासांत, एकाचे दोन एकर भिजतात आणि दुसऱ्याचे तीन. तिसऱ्या एकरासाठी पहिल्याला रात्रीच्या पाळीला जावं लागतं. पंप घेताना किमतीच्या शेजारी हा हिशेब मांडून बघा.